डावखुऱ्यांची तुकडी

रोज सकाळी शाळेत जायच्या आधी बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायच्या आणि त्यांचे यजमान मागे उभे राहून त्यांचा अंबाडा घालायचे. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. बोटांत कसब होतं, पण केस म्हणजे काही कापड नव्हे. पहिल्या दिवशी आरशात बघून बाई म्हणाल्या होत्या, हा अंबाडा नाही, चिमणीने अर्धवट सोडून दिलेलं घरटं आहे. त्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नव्हता, तेव्हा करून दाखवायची सोयच नव्हती. मग समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी तोंडाने सांगायला घेतलं. सगळे केस एका मुठीत घ्या, पण मूठ सैल असू द्या. पीळ द्या, ओढू नका. पिळाला जिकडे वळायचंय तिकडे वळू द्या. टोक शेवटी आत.

"माझ्या दुकानातल्या पोरांशी मी जन्मात इतकं गोड बोललो नाही," यजमान तोंडात आकडे धरून म्हणाले.

खांदा सुट्टीत धरला होता. डॉक्टरांनी सांगितलं, धरला तसा सुटेल, वर्ष लागेल, कदाचित दोन, व्यायाम करत राहा आणि धीर धरा. बाईंना निवृत्त व्हायलाही दोनच वर्षं उरली होती. खांद्याचा आणि त्यांचा हिशेब नेमका जुळत होता, म्हणूनच त्यांनी ही गोष्ट यजमानांखेरीज कोणाच्या कानावर घातली नाही.

कारण शाळेत खेळाचे नवे सर आले होते. तरुण, नम्र, गळ्यात शिट्टी, मनगटावर मोठं घड्याळ. ते आल्यापासून मुख्याध्यापिका शिक्षकांच्या खोलीत दोनदा म्हणाल्या होत्या की ज्यांची वर्षं झाली त्यांना आता बसून करायची कामं द्यावीत, ग्रंथालय वगैरे. नाव घेतलं नव्हतं, पण सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या. बाईंचं ग्रंथालयाशी वैर नव्हतं. पण पुस्तकं कुठे धावतात, कुठे उड्या मारतात? ज्या मैदानावर त्या अंगात वारं शिरलेल्या मुलीसारख्या आल्या होत्या, त्याच मैदानावरून आपल्या पायांनी बाहेर पडावं, एवढंच त्यांना हवं होतं. खांद्याचं कळलं असतं तर तेवढंही मिळालं नसतं.

बाईंची ख्याती होती ती करून दाखवण्याबद्दल. बाई नोकरीला लागल्या त्या काळी थाळीफेकीच्या थाळ्या लाकडाच्या असत, कडेला लोखंडी पट्टी, आणि सामानाच्या खोलीत त्यांना तेलाचा आणि जुन्या दोरखंडांचा वास यायचा. तेव्हापासून बाई वर्तुळात उभ्या राहायच्या, पाठ फेकीच्या दिशेला, गुडघे वाकलेले, आणि एक शब्द न बोलता फेकायच्या. मुलं बघत, मुलं करत. बाईंच्या हाताखालून गेलेल्या आयासुद्धा आता आपल्या मुलींना सांगत की बाईंकडे नुसतं बघत राहा, येतं.

या वर्षीच्या तुकडीसमोर बाई वर्तुळात उभ्या राहिल्या आणि थाळी डाव्या हातात घेतली. बोटांची शेवटची पेरं कडेवर, अंगठा नुसता टेकलेला, तळवा मोकळा. त्यांनी डाव्या हाताने फेकली. फार गेली नाही, पण सपाट गेली. त्यांना वाटलं होतं, मुलं आपापल्या सोयीने हात बदलून घेतील.

तुकडीत एक मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणत, कारण तिला प्रश्न विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पिता येत नसे. तिने विचारलं, "बाई, आम्ही उजव्या हाताने टाकायची की डाव्या?"

मैदानाकडे तोंड करून वरच्या मजल्यावर मुख्याध्यापिकांच्या खोलीची खिडकी होती आणि त्या क्षणी मुख्याध्यापिका त्या खिडकीत उभ्या होत्या.

"मी करते तसं," त्या जरा तुटकच म्हणाल्या आणि थाळी आणायला चालू लागल्या.

झालं. त्या दिवसापासून सगळी तुकडी डाव्या हाताने थाळी फेकू लागली. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. संध्याकाळी घरी जाताना त्या ठरवायच्या, उद्या सांगायचं, आणि सकाळी मैदानावर आल्या की नजर आधी त्या खिडकीकडे जायची. उजव्याने टाका म्हटलं की वकील विचारणार, मग तुम्ही का नाही? आणि वकिलाचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत सहज पोचायचा. बाई मूग गिळून बसल्या. मुलांच्या थाळ्या मात्र झोकांड्या खात जात आणि तिरक्या पडत. एक टिकली तेवढी सुखात होती. एवढीशी मुलगी, म्हणून टिकली. ती मुळातच डावखुरी होती, आणि घरीदारी सगळ्यांनी तिच्या उजव्या हातात वस्तू कोंबायचा वसा घेतलेला. इथे पहिल्यांदाच तिला कोणी टोकत नव्हतं. तिची थाळी गुणगुणत जायची.

पुढे शेजारच्या शाळेत एक मैत्रीची स्पर्धा ठरली. खरी स्पर्धा अजून दूर होती, ही आपली सरावापुरती. मुख्याध्यापिकाही पाहुण्या म्हणून आल्या.

त्या शाळेत वर्तुळाभोवती चांगली उंच जाळी होती आणि जाळीच्या तोंडाशी दोन सरकती दारं. उजव्या हाताने फेकणारा आला की एक दार पुढे ओढायचं, डावखुरा आला की ते मागे सारून दुसरं ओढायचं, म्हणजे हातून सुटलेली थाळी बघणाऱ्यांच्या अंगावर जात नाही. हे काम तिथल्या म्हाताऱ्या शिपाईकाकांकडे होतं. त्यांनी सकाळी एक दार ओढून ठेवलं आणि खुर्चीत बसले. वर्षानुवर्षं ते तसंच करत आले होते.

बाईंच्या शाळेचं पहिलं मूल आलं, डावखुरं. काका उठले, दारं बदलली. नंतर दुसऱ्या शाळेचं, उजवं. पुन्हा बदलली. मग वकील आली, डावखुरी. मग पहिलवान नावाचा काडीसारखा मुलगा आला, तोही डावखुरा. मध्ये मध्ये उजवे. काकांनी खुर्ची जाळीपाशीच ओढून घेतली, मग खुर्ची सोडूनच दिली. टिकली आली तेव्हा ते दाराला टेकून उभे होते.

"बाई," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तुमच्या शाळेत उजव्या हातांची टंचाई आहे का?"

लोक पोट धरून हसले. त्या शाळेच्या शिक्षकांनी गंभीरपणे चौकशी केली की ही शिकवण्याची काही नवी पद्धत आहे का. टिकली दुसरी आली आणि बाईंची बाकीची तुकडी यादीच्या तळाशी गेली. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्या बाईंच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. तो हात सबंध वेळ सदऱ्याच्या खिशात होता.

परतीच्या गाडीत बाई मुलांच्यात जाऊन बसल्या. चूक तुमची नाही, माझी आहे, असं त्यांनी सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, माझा खांदा धरलाय, तुम्ही आपापल्या हाताने टाका.

वकील म्हणाली, "आम्हाला माहीत होतं."

कसं, ते पहिलवानाने सांगितलं. शिट्टी डाव्या हातात, पिशवी डाव्या खांद्यावर, आणि सदऱ्यात हात घालताना बाई त्याच्या आजोबांसारखा चेहरा करत. शिवाय अंबाडा. बाईंचा अंबाडा पूर्वी असा नव्हता.

"मग माहीत होतं तर डाव्याने का टाकत राहिलात?"

"तुम्ही एकट्याच डाव्याने टाकताय म्हटल्यावर वरच्या खिडकीतून लगेच दिसलं असतं," वकील म्हणाली. "सगळेच टाकतायत म्हटल्यावर वाटणार, डाव्या हाताचाच तास चाललाय."

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक लांबच लांब भिंत होती. बराच वेळ ती भिंतच चालली होती. इतक्या थाळ्या पोरांनी तिरक्या पाडल्या, तळाशी गेली, हसू करून घेतलं, आणि एकाच्याही तोंडून अवाक्षर नाही.

"मला तर बरंच झालं," टिकली मागून म्हणाली, आणि मग सगळे हसले. बाईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते केस विंचरत ऐकत होते. पुढे काय, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, आज स्वतः जाऊन सांगणार. त्यांनी मागे हात नेऊन डाव्या हाताने अंबाडा चाचपला. तो गोल होता आणि नीट मानेवर बसला होता. आज त्या आपली कर्मकहाणी सांगत होत्या, केसांविषयी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला कधी यायला लागलं?"

"केव्हाच. तुम्हीच आपल्या रोज सांगत होतात," यजमान म्हणाले. "मी म्हटलं, बाईसाहेबांची हौस आहे, सांगू द्यावं."

मुख्याध्यापिकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना कालच कळलं होतं, फक्त बाई येतात का याची त्या वाट बघत होत्या. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नवे सर करून दाखवतील, बाईंनी खुर्ची टाकून देखरेख करावी, आणि पुढच्या वर्षी ग्रंथालय.

"करून दाखवायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "मी सांगून शिकवीन."

"थाळीफेक सांगून येते?"

"अंबाडा येतो."

याचा मुख्याध्यापिकांना काही अर्थ लागला नाही, पण बाईंच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. त्या उठून खिडकीशी गेल्या. खाली रिकामं मैदान होतं. मग त्या म्हणाल्या की आपण जन्मात कधी थाळी हातात धरलेली नाही. शाळेत असताना खेळाच्या तासाला डोकं दुखतं म्हणून सावलीत बसणाऱ्या मुलींपैकी आपण.

"मला शिकवा. करून दाखवायचं नाही, हात लावायचा नाही. मला आली, तर मैदान निवृत्तीपर्यंत तुमचं."

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिका चष्मा वकिलाकडे देऊन वर्तुळात उभ्या राहिल्या. तुकडी एका बाजूला रांगेत, नवे सर जाळीपाशी. बाई जाळीबाहेर मागे उभ्या राहिल्या, पोटाशी डाव्या हाताने उजवं मनगट धरून, आणि बोलायला लागल्या.

पहिली थाळी हातातून निसटून पायाशी पडली. दुसरी जाळीत गेली आणि सरांनी मान खाली घातली. हात सैल सोडा, बाई म्हणाल्या, आणि मुख्याध्यापिकांचा हात लाकडासारखा ताठ झाला. बाईंनी ते पाहिलं. तसं सांगून चालणार नाही. यजमानांनाही मूठ सैल ठेवा म्हटलं की त्यांची मूठ आवळली जायची. पिळाकडे लक्ष गेलं तेव्हाच ती सैल झाली होती.

"हात विसरा," बाई म्हणाल्या. "घरी फरशीवर दूध सांडलं तर काय करता?"

"फडकं टाकते. पायाने पुसते."

"उजव्या चवड्याखाली फडकं आहे. ते जागच्या जागी गोल फिरवा. चवडा फिरला की गुडघा फिरेल, गुडघ्यामागून कंबर. हात सगळ्यात शेवटी येईल. त्याला बोलवायचं नाही, तो येईल. थाळी पहिल्या बोटावरून जाऊ द्या."

मुख्याध्यापिकांनी चवड्याखालचं फडकं दोनतीनदा नुसतंच फिरवून पाहिलं. दूध त्यांना दिसत असावं. मग थाळी मागे गेली, चवडा फिरला, कंबर आली, आणि हात खरोखरच सगळ्यांच्या मागून, उशिरा जाग आल्यासारखा आला. थाळी सुटली. फार लांब नाही गेली, पहिलवानाने याहून लांब टाकली असती, तीसुद्धा डाव्या हाताने. पण ती सपाट गेली, स्वतःभोवती फिरत, आणि शेवटी गवतावर अलगद बसली.

मुख्याध्यापिका तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा सावलीत बसलेल्या मुलीला कोणीतरी खेळायला बोलवावं तसा झाला, आणि त्या थाळीमागे तरातरा वर्तुळाच्या पुढच्या कडेवरून चालत निघाल्या.

"मागून, मोठ्या बाई, मागून," सगळी तुकडी एका सुरात म्हणाली.

त्या थबकल्या. वकिलाने चष्मा देता देता नियम समजावला: फेक झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं, नाहीतर फेक बाद. मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिलं. ही धरली जाईल ना?

बाईंनी मान हलवली. मैदान डोळ्यांसमोर होतं, पण नियम म्हणजे नियम. "नाही धरता येणार. बाद."

मुख्याध्यापिका वर्तुळात परत आल्या, सावकाश वळल्या आणि मागच्या बाजूने, अगदी शिकवल्यासारख्या, बाहेर पडल्या. तळव्याला लागलेली माती त्यांनी झटकली नाही.

"मग उद्या परत येते," त्या म्हणाल्या. "मला नीट येईपर्यंत मैदान तुमच्याकडेच राहू दे. आणि मला यायला बाई, दोनेक वर्षं तरी लागतील."

त्या गेल्यावर तुकडीने वर्तुळाभोवती घोळका केला. वकिलाने थाळी उचलून उजव्या हातात घेतली, क्षणभर थांबली आणि बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. टिकली मागे उभी होती, थाळी छातीशी धरून, आता आपलं काय या काळजीत.

"तू आहेस तशीच टाक," बाई म्हणाल्या. "फक्त फडकं डाव्या पायाखाली घे."