दार चुकलेली पाटी

मी एक पाटी. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. घराच्या चौकटीवर नगरपालिकेच्या नंबराची पाटी असते ना, तसली. थोडं लांबूनच ऐका हं. माणूस फार जवळ आलं की त्याच्या हातात हातोडा असेल असं मला उगाचच वाटतं, आणि अंगात कापरं भरतं. सवय म्हणा, भित्रेपणा म्हणा; पण जिच्या अंगात दोन दारांवर खिळे ठोकले गेले तिला हसू नये.

जन्मानं मी घासलेटचा डबा. महायुद्धाचे दिवस होते, पत्रा मिळत नव्हता, आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या कृष्णाकाठच्या गावात घरांना नंबर द्यायचं ठरलं. काम मिळालं आमच्याच गल्लीतल्या मोहिद्दीन पत्रेवाल्याला. त्यानं रिकामे डबे गोळा केले, कातरीनं आमचे तुकडे केले, कुणाचा हात कापू नये म्हणून कडा मुडपल्या. मग रंगारी आला. निळ्या अंगावर त्यानं पांढरा तीन काढला. त्याच्या शेजारी आणखी एक तीन. मला वाटलं झालं, सुटले. तर तिसराही तीनच! त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाटीला काय कळतंय?

मला ठोकलं लालासाहेबांच्या दारावर. लालासाहेब म्हणजे गल्लीतलं भारी माणूस. नदीकाठी उसाची जमीन, सागवानी माडी नुकतीच चढवलेली. शेजारी मोहिद्दीनचं एकखणी मातीचं घर; त्याच्यावर माझी धाकटी बहीण, तीनशे चौतीस. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी लालासाहेबांची बायको राहीबाई उंबऱ्यावर पाणी टाकायला आली, वर बघितलं, आणि तिच्या हातातला तांब्या खणकन पडला. ती दचकली, तिच्यापेक्षा जास्त मी दचकले.

"आवं, हे काय लावलंय? तीन, तीन, तीन! तीन तिघाडा काम बिघाडा. माजं पोरगं लढाईत हाय न् दारावर हे असलं?"

तिचा मुलगा हंबीरराव ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. दोन महिने पत्र नव्हतं. लालासाहेबांनी समजावलं, रागावून पाहिलं. शेवटी मोहिद्दीनच हातोडा घेऊन आला, हसत.

"आमच्यात तिनाचं काय न्हाई, वैनी. आना हिकडं. आमची चौतीस तुमी घ्या."

खिळे निघाले, खिळे बसले. राहीबाईनं अख्तरबीच्या, म्हणजे मोहिद्दीनच्या बायकोच्या, पदरात गुळाचा मोठा खडा टाकला. आणि पुढच्याच आठवड्यात हंबीररावचं पत्र आलं! झालं. राहीबाईच्या लेखी आता जगातली कुठलीही ताकद मला तिच्या दारावर परत आणू शकत नव्हती.

शेजाऱ्यांनी पाट्या बदलल्या. कचेरीतल्या वहीत तीनशे तेहतीसपुढं माडीच लिहिलेली; तिला हे कुणी सांगायचं? कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला येत होतं, पण मला तोंड कुठं होतं? होते ते तीन आकडे, तेही चुकीच्या दारावर.

पावसाळ्यात मोहिद्दीन तापानं गेला. मुलगी जरिना लग्न होऊन म्हसवडला. अख्तरबी एकटी उंबऱ्यावर बसून लोकांच्या वाकळा शिवायची. तिच्या सुईचा आवाज नाही, बोलण्याचा आवाज नाही. अशा वेळी मला फार भीती वाटायची. मग घरपट्टीच्या आकारणीचा कारकून आला.

तो सांगलीकडून नवाच आलेला, गल्लीत त्याला कुणी ओळखीचं नाही. त्यानं घराकडे पाहिलंच नाही हो! पाहिलं ते माझ्याकडे. वहीत लिहिलं, तीनशे तेहतीस.

"नाव?"

"अख्तरबी मोहिद्दीन."

"घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल?"

"भाड्यानं देत न्हाई साहेब. मीच ऱ्हाते."

"दिलं असतं तर?"

"देनारच न्हाई तर यील कुठनं?"

"अहो बाई, पट्टी त्यावरच बसते. आलं असतं त्यावर!"

"न आलेल्या पैशावर पट्टी? ह्ये बरं हाय," अख्तरबी म्हणाली, आणि दात लावून दोरा तोडला.

कारकून वैतागला. घराचं वर्णन जुन्या कागदांत असेलच, तिकडूनच उतरवतो, म्हणाला आणि पुढच्या दाराला गेला. तिकडं माझी बहीण. नंबर चौतीस, नाव लालासाहेब, वर्णन जुन्या कागदात आहेच. मी चौकटीवर बसून ओरडत होते, वर बघ रे, माडी दिसत नाही का तुला? माणसं म्हणतात पत्रा वाऱ्यानं वाजतो. दर वेळी वाराच असतो असं नाही.

पुढं नोटीस आली. अख्तरबीला वाचता येत नव्हतं. समोरच्या ओट्यावर आकाराम बसलेला असायचा, गल्लीभर चौकश्या करणारा. त्यानं मोठ्यानं वाचली.

"घर नंबर तीनशे तेहतीस. माडीसह. सागवानी काम. सहा खण. मालक, अख्तरबी मोहिद्दीन." आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय माडीवाल्या बीबी! वर वारं चांगलं लागतं का?"

"लागतं की. ये वर, जिना घावला तर," अख्तरबी म्हणाली.

सगळी गल्ली हसली. तीही हसली. मग सुई थांबली तिची. "आकाराम, माडी माज्या नावावर, तर माजं घर कुनाच्या नावावर रं?"



ती कचेरीत गेली. मी काही तिच्याबरोबर जाऊ शकले नाही. संध्याकाळी उंबऱ्यावर पाय पसरून तिनं राहीबाईला जे सांगितलं ते ऐकलं, तेवढंच मला ठाऊक.

"त्यो कारकून म्हनला, हरकत घ्यायची तर आधी नोंदीची नक्कल काढा. काढते म्हनलं. म्हनला, नंबर सांगा. तीनशे तेहतीस. मग त्यो माडीच वाचून दावतो! म्हनलं, साहेब, माडी माजी न्हाई. म्हनला, मग तुमचं घर तीनशे तेहतीस न्हाई. म्हनलं, पाटी हाय की दारावर! म्हनला, मग माडी तुमची हाय."

"मग चौतीसचं बघा म्हनायचं."

"म्हनलं की. म्हनतो, ते लालासायबांचं घर, त्यास्नी पाठवा. वैनी, माज्या घराची चवकशी करायला मला परवानगी न्हाई!"

चार खेपा झाल्या असतील. आज मुख्य कारकून रजेवर, उद्या वही दुसऱ्या टेबलावर, परवा स्टॅम्प चुकीचा. दर वेळी ती परत यायची आणि आत शिरण्याआधी माझ्याकडे बघायची. ती नजर मला सहन व्हायची नाही. माझ्यावर लिहिलेला एक आकडासुद्धा चुकीचा नव्हता, आणि तरी सगळं माझ्यामुळं चुकलेलं होतं.

लालासाहेब मनाचे वाईट नव्हते. ते स्वतः तिच्या दारात आले.

"अख्तरबी, पट्टीचं मनावर घिऊ नगंस. तीनशे तेहतीसची मी भरतो, चौतीसची बी मीच भरतो. कशाला त्या कचेरीच्या नादी लागतीस?"

"पट्टीचं न्हाई वो, लालासाब. नाव कुनाचं लागलंय? उद्या मी गेले, जरिना म्हसवडास्नं आली, तर तिच्या आब्बाचं घर कागदावर तिला घावाय नगं?"

"म्हंजी मी तुजं घर घेतो व्हय?"

"तुमी न्हाई घेनार. तुमी देवमानूस. पर कागदाला कुठं म्हाईत, तुमी देवमानूस हाय ते?"

लालासाहेब तिथूनच मागं वळले. मग स्वतः कचेरीत जाऊन आले. कारकुनानं त्यांना खुर्ची दिली, पान दिलं आणि तोडगा दिला. पाट्या मूळ जागी लावा, मग दुरुस्ती होईल. ते जमत नसेल तर दुसरा उपाय आहे, तीनशे तेहतीसची माडी पडली असं लिहू, आणि चौतीसवर नवी माडी चढली असं लिहू. लालासाहेबांनी भोळेपणानं हे घरी येऊन सांगितलं. राहीबाईचा आवाज नदीच्या घाटापर्यंत गेला असेल.

"माडी पडली म्हनून लिवायचं? पोरगं लढाईत असताना आपल्या हातानं घर पाडायचं कागदावर? लाज न्हाई वाटत?"

मग उरला पहिलाच उपाय. लालासाहेब हातोडा घेऊन माझ्यासमोर आले. माझा जीव मुठीत. मुठी नाहीत मला, पण दुसरा शब्द सुचत नाही. तेवढ्यात राहीबाई धावत आली आणि मध्ये उभी राहिली. परत दोन महिने पत्र नव्हतं.

"अख्तरबी," ती म्हणाली, आणि एकदम हात जोडले तिनं. "माजा हंबीर येऊ दे. मग माज्या दाराला धा तीन ठोक. आत्ता नगं गं."

अख्तरबीनं नुसती मान हलवून लालासाहेबांना जायला सांगितलं. राहीबाई आत गेल्यावर मात्र ती मला म्हणाली, खरंच मलाच म्हणाली, "तू एक हाईस बग!" त्यात राग होता, हे मी नाकारत नाही.

जागेवर पाहणी करायला वरचा अधिकारी येणार अशी दवंडी फिरली. गल्लीनं ओटे सारवले. पाहणी एकदाच होणार. तेव्हा जे लिहिलं जाईल ते पुढची कितीतरी वर्षं उतरवलं जाणार. मी दारावर राहिले तर परत माडीच लिहिली जाणार. मी राहीबाईच्या दारावर गेले तर त्या बाईचा जीव जाणार. तिसरी वाट मला तरी दिसत नव्हती.

सकाळी अख्तरबीनं मोहिद्दीनची पक्कड काढली. समोर आकाराम, माडीच्या खिडकीत राहीबाई, गल्लीत उन्हं आलेली. खुर्चीवर चढून तिनं एकेक खिळा उपसला. मी थरथरत होते. तिनं मला वाकळेखाली ठेवलं आणि वर बसली.

अधिकारी आला, मागं तोच कारकून. दोघांनी चौकटीकडं पाहिलं.

"नंबर कुठं आहे?"

"न्हाई."

"नाही म्हणजे? नंबर नसेल तर घर कसं लिहायचं? नंबर नाही म्हणजे घर नाही."

"मग तुमी ज्येच्यावर हुभं हाय, त्यो उंबरा कुनाचा, साहेब?"

अधिकाऱ्यानं खाली पाहिलं. माझ्या माहितीत त्या घराकडं कचेरीतल्या माणसानं पाहिलं ते पहिल्यांदाच.

"पाटी काढली असेल तर दंड होतो बरं का, बाई," कारकून घाईनं म्हणाला.

"करा की. कंच्या नंबरावर करताय?"

ओट्यावर आकाराम फिसकन हसला. कारकुनानं वही उघडली, मिटली, परत उघडली. उतरवायला जुना कागद नव्हता, कारण जुना कागद शोधायला नंबर नव्हता. शेवटी अधिकाऱ्यानंच खिशातून टेप काढली. भिंत मोजली, हातानं खरवडून पाहिली, वाकून आत गेला, वर बघितलं.

"लिहा. एक खण. मातीच्या भिंती. माडी नाही." आणि मग, "नाव?"

"अख्तरबी मोहिद्दीन."

"शेजारी कोण?"

"लालासायबांची माडी. त्येच्यावर हाय नंबर, तीनशे चौतीस. ती बी बघूनच लिवा."

तेही वाकून, जिना चढून, बघूनच लिहिलं गेलं. अख्तरबीच्या घराला गल्लीच्या शेवटचा नवा नंबर मिळाला. माडीच्या वाढीव पट्टीचं लालासाहेबांनी निस्तरलं, त्याची चर्चा कुणी केली नाही. आणि माझ्या नंबरापुढं वहीत काय लिहिलं गेलं ते आकारामानं कचेरीतून मुद्दाम ऐकून आणलं: "जागेवर घर आढळले नाही."

हंबीरराव परत आला, हेही सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. राहीबाईनं सगळ्या गल्लीला गूळ वाटला. अख्तरबीला सगळ्यांपेक्षा मोठा खडा. दहा तीन ठोकायची आठवण मात्र दोघींपैकी कुणीच काढली नाही.

आता इंग्रज गेले, सांगलीचं संस्थानही गेलं, जिल्ह्याच्या हद्दी बदलल्या, आणि सगळ्या घरांना पुन्हा नवे नंबर लागायचे आहेत म्हणे. नव्या पाट्या येतील, कोऱ्या, निळ्या, माझ्यासारख्याच भाबड्या. त्यांना एवढंच सांगा, की तुम्ही दाराचं नाव आहात, घर नाही. आणि वह्या घेऊन येणाऱ्यांनो, तुमच्याही पाया पडते. आधी मान वर करा. भिंत बघा, छप्पर बघा, उंबऱ्यावर बसलेलं माणूस बघा. मग पाटी वाचा.

माझं म्हणाल, तर मी अजून त्याच घरात आहे. मागच्या वादळात कौल फुटलं, तेव्हा अख्तरबीनं मला कपाटाच्या मागून काढलं, शिडीवर चढली आणि त्या जागी सरकवलं. आकडे वरच्या बाजूला. वर दगड ठेवताना म्हणाली, "ऱ्हा हितं. हितं तुला कुनी वाचनार न्हाई."

खिळा ठोकला नाही तिनं. माझ्याखाली ती वाकळ शिवत बसते, आणि तिच्या अंगावर थेंब पडत नाही.