पहिली ओळ

...चिकटपट्टीचा डावा कोपरा सुटला होता. सर्व्हरच्या कपाटावरचा तो कागद पिवळा पडला होता, शाई जांभळट झाली होती, पण सुदर्शनचे अक्षर होते तसेच ताठ – ‘विचारल्याशिवाय हात लावू नये. विचारल्यावरही लावू नये.’ पंधरा वर्षांपूर्वी, दोघांनी मिळून हे यंत्र उभे केले त्या दिवशी, हा कागद चिकटवताना तो स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला होता. आणि आपणही हसलो होतो, ही आठवण महिपतीला आज अपमानासारखी झोंबली.

रविवारची सकाळ. वाघोलीच्या त्या पंपांच्या कारखान्यात पहारेकऱ्याखेरीज कोणी नव्हते. कंपनीचे सारे टपाल वाहणारे जुने सॉफ्टवेअर आज निवृत्त व्हायचे होते. चारशे बारा मेलबॉक्स नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरले होते; आता ते तपासायचे, नकोत ते वगळायचे आणि दुपारी बाराला जुने यंत्र कोरे करायचे. फोन वाजला. कल्याणी – विभागप्रमुख, वय वर्षे तेहतीस.

“सर, लिस्ट बघतेय. सुदर्शन सरांचा मेलबॉक्स अजून लाइव्ह कसा? ते तर...”

“वारले. शब्द उच्चारायला हरकत नाही. चार वर्षं झाली.”

“हो, पण पॉलिसी नव्वद दिवसांची आहे ना?”

“ती पॉलिसी मीच लिहिली आहे. आपण फक्त सही केलीत.”

“मग तुम्हीच पाळा की, सर!” ती हसली. “बाराच्या आत डिलीट करा. की त्यांच्या रिप्लायची वाट बघताय?”

त्याने फोन ठेवला. संताप कानशिलांपर्यंत चढला – त्या पोरीवर नव्हे, तिचे म्हणणे अचूक होते. आणि अचूक बोलणाऱ्यावर रागावता येत नाही, ही महिपतीची जन्माची अडचण होती.

वाट... होय, वाटच. बारा वर्षांपूर्वी एका मंगळवारी सर्व्हरची नोंदवही चाळताना ती ओळ दिसली होती: सुदर्शनकडून थोरल्या साहेबांना, विषय – ‘महिपतीविषयी’, अकरा वाजून सात मिनिटे, वजन चार केबी. नोंदवहीत पाकीट दिसते, पत्र दिसत नाही. पत्र उघडणे त्याच्या हातात होते, साऱ्या कंपनीची पत्रे त्याच्या हातात होती, आणि म्हणूनच त्याने आयुष्यात दुसऱ्याचे एकही पत्र उघडले नव्हते. तीन आठवड्यांनी विभागप्रमुखाची खुर्ची, जी त्याचीच असल्याचे सगळे धरून चालले होते, बाहेरून आलेल्या माणसाला मिळाली. याहून वेगळा पुरावा कशाला हवा होता? त्या दिवसापासून तो डबा वेगळ्या टेबलावर उघडू लागला. सुदर्शन एकदा जवळ येऊन उभा राहिला होता, हातात लिंबाच्या लोणच्याची बाटली – “काय रे, झालंय काय तुला?” “कुठे काय?” – आणि त्या दोन शब्दांवर पुढची आठ वर्षे सरली. सुदर्शन गेला त्या सकाळी सगळे ऑफिस वैकुंठ स्मशानभूमीत गेले. महिपतीने सर्व्हर बंद पडल्याचे कळवले. सर्व्हर उत्तम चालला होता. मी खोटे बोललो ते तेवढेच, आणि तेही रागाच्या हक्काने... तो हक्क शाबूत राहावा म्हणूनच तर हा मेलबॉक्स नियम मोडून जपला होता. न उघडता.

त्याने वगळण्यासाठी सुदर्शनचे नाव निवडले. पण तपासल्याखेरीज काहीही वगळायचे नाही, हीही त्याचीच शिस्त. म्हणून त्याने पत्रांची यादी आधी समोर घेतली, त्या तारखेपर्यंत सरकवली – आणि थबकला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये यादीत नुसता विषय दिसे. या नव्या निर्लज्ज सॉफ्टवेअरने प्रत्येक विषयाखाली, कोणी न मागता, पत्राची पहिली ओळ करड्या अक्षरांत मांडून ठेवली होती:

‘साहेब, महिपती स्वतःसाठी कधी तोंड उघडणार नाही, म्हणून मीच...’

पुढे तीन टिंबे.

मीच काय? म्हणून मीच सांगतो, त्यालाच नेमा? म्हणून मीच सांगतो, अशा घुम्या माणसाच्या हाताखाली चाळीस माणसे देऊ नका? दोन्ही वाक्ये तितकीच सरळ, तितकीच सुदर्शनची. त्याने पडद्यावर तळहात ठेवला. ओळ झाकली गेली, पण डोळ्यांतून जाईना. बारा वर्षे ज्या रागावर तो पाठ टेकून बसला होता तो राग त्याने आत हाक मारून पाहिला. तो आला, पण नेहमीसारखा तडक सुदर्शनकडे धावला नाही – दारातच उभा राहून महिपतीकडेच पाहू लागला. वैकुंठाला सगळे गेले होते. पहारेकरीसुद्धा.

फोन पुन्हा वाजू लागला. अकरा पन्नास. हाताखाली ती ओळ होती. एक बोट हलवले की पत्र उघडणार, दुसरे हलवले की कायमचे पुसले जाणार. सुटल्या कोपऱ्याचा तो कागद वातानुकूलनाच्या झोतात फडफडत होता. तो होता त्या आठ वर्षांत आपण त्याला एकदाही विचारले नाही... सुदर्शनने विचारले होते, बाटली हातात घेऊन. फोन वाजत राहिला. तळहात पडद्यावर तसाच होता, आणि महिपतीला उमगले की तो आपण तिथे संतापाने नव्हे, त्या पत्रात काही चांगले लिहिलेले असेल या भयाने ठेवला आहे.