अभिमन सरांचं पेन

धुळ्याच्या लॅबमध्ये सारिका अकरा वर्षं रक्त तपासत होती. हजारो नावं हाताखालून गेली, एकही लक्षात राहिलं नाही. त्या सोमवारी मात्र रिपोर्टवरचं नाव वाचून तिचा हात थांबला. अभिमन जीवराम, वय बावन्न, दोंडाईचा. सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य.

शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा जोडीला तेवढंच सी-पेप्टाइड बनतं. हे शून्य, म्हणजे तेही शून्य. हा माणूस रोज सुई टोचल्याशिवाय जगूच शकत नव्हता. आणि याच माणसाने तिच्या धाकट्या भावाला, प्रेमराजला सुई कमी करायला लावली होती.

प्रेमराजला नवव्या वर्षापासून शुगर. घरातली पहिली सुई सारिकानेच टोचली होती, आधी वांग्यावर हात बसवून. वीस वर्षं त्याने नेम चुकवला नाही. मग दोंडाईच्यात अभिमन सरांची शिबिरं सुरू झाली. सर बोलायचे साखरेपेक्षा गोड. "कंपन्या तुम्हाला नुसतं इन्सुलिन देतात, सी-पेप्टाइड फेकून देतात! डोळे, किडनी, पायांच्या नसा तेच सांभाळतं. माझे थेंब घ्या, सुई कमी करत चला. मीही तुमच्यातलाच होतो. आज बघा माझ्याकडे!"

प्रेमराजने बघितलं, आणि सुई निम्मी केली. फोनवर बहिणीला मात्र "घेतो ना अक्का, वेळेवर घेतो" म्हणत राहिला. चौदा महिन्यांनी दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलं. आता त्याला उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं.

लॅबच्या डॉक्टरांनी सारिकाला नीट समजावलं होतं. सी-पेप्टाइड पूर्वी टाकाऊ समजत. आता ते नसा आणि किडनी जपत असावं, असं काही संशोधनांत दिसलंय. पण पक्कं सिद्ध झालेलं नाही, औषध म्हणून आलेलं नाही, आणि तोंडाने घेतलं तर पोटातच पचून जाईल. इन्सुलिनची जागा तर ते घेतच नाही. अर्ध्या खऱ्यावर त्या माणसाने आपलं अख्खं खोटं उभं केलं होतं.

भावाचे डोळे गेले तेव्हा ती सरांच्या दारात गेली होती. तो म्हणाला होता, "ताई, तुमच्या भावाने थेंब नेमाने घेतले नसतील." ते वाक्य तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

रविवारी दोंडाईच्याच्या मंगल कार्यालयात शिबिर होतं. सारिका प्रेमराजचा हात धरून पहिल्या रांगेत बसली. सरांचं भाषण संपलं तशी उठली.

"सर, तुम्ही पूर्ण बरे झालात ना?"

"झालो की!"

"मग आज आमच्यासमोर शिरा खा, थेंब घ्या आणि चार वाजेपर्यंत इथेच बसा. दर तासाला मी शुगर बघते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही. त्यांनी शिरा खाल्ला, थेंब घेतले आणि हळूच बॅग उचलली. "आलोच हात धुऊन."

"बॅग राहू द्या. थेंबच असतील ना तीत?" सारिकाने बॅग काढून घेतली आणि मांडीवर ठेवली.

दहाला एकशे नव्वद. बाराला तीनशे चाळीस. एकला साडेचारशे. सर तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते, सारखे संडासाकडे जात होते. प्रत्येक वेळी चार बाप्ये सोबत जायचे. दोनला शुगर इतकी चढली, की मशीनने आकड्याऐवजी नुसतं 'हाय' दाखवलं. सरांचे ओठ पांढरे पडले, खाल्लेला शिरा उलटून पडला. लोक गप्प झाले. सारिकाने बॅगेतून इन्सुलिनचं पेन काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"हे काय आहे, सर?"

"द्या... ताई, पाया पडतो."

"माइकवर सांगा."

प्रेमराज कान देऊन ऐकत होता. "अक्का, दे त्याले," तो म्हणाला. "मरी जाई तो."

सारिका हलली नाही. घड्याळात वीस मिनिटं गेली. मग अभिमन सरांनी माइक दोन्ही हातांनी धरला. "मी रोज सुई घेतो. एक दिवसही सोडली नाही. थेंबांत काही नाही. सुई सोडू नका."

तिने पेन त्यांच्या मांडीवर टाकलं. मग पर्समधून रिपोर्ट काढून मोठ्याने वाचला. त्याची आता गरज नव्हती. तरी वाचला, एकेक अक्षर.

सरांना दवाखान्यात नेलं, ते वाचले. पोलिसांत तक्रार गेली, शिबिरं बंद झाली. पेशंटचा रिपोर्ट चव्हाट्यावर आणला म्हणून सारिकाची नोकरीही गेली. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "माझा नाइलाज आहे." तिने मान हलवली. चूक तिची होती, हे तिलाही मान्य होतं.

ती दोंडाईच्याला राहायला आली. एका संध्याकाळी सुई टोचून घेताना प्रेमराजने विचारलं, "अक्का, त्या दिन मी बोलनू, ते तुले ऐकू नही उनं का?"

"गलबला होता रे," ती म्हणाली.

गलबला मुळीच नव्हता. तिने स्पष्ट ऐकलं होतं. ती वीस मिनिटं तिला आजही कमीच वाटत होती.