भेगेचे फोटो

माझ्या साडूकडे चौदा लेन्स आहेत आणि भिंतीवर लावावा असा एकही फोटो नाही. हे मी जळफळाटानं म्हणत नाही, मोजून म्हणतोय. त्या लेन्स माझ्याच टेबलावर साफ व्हायला येतात. गेल्या खेपेला दोन लेन्सच्या काचेत बुरशी धरलेली निघाली, कारण त्या कपाटाबाहेर पडतच नाहीत.

मी कॅमेरे दुरुस्त करतो. दहा बाय आठचं दुकान, एक भिंग, एक दिवा आणि बत्तीस वर्षं. एवढ्या काळात एक गोष्ट मला कळली: ज्याला फोटो काढता येतो तो कॅमेऱ्याची तक्रार घेऊन येतो, आणि ज्याला येत नाही तो नवा कुठला घेऊ म्हणून विचारायला येतो. साडू दुसऱ्या जातकुळीतला. आता तर तो विचारत नाही, सांगतो. त्याचा एक चॅनेल आहे. त्यावर तो काळा शर्ट घालून बसतो आणि "मित्रांनो, ही चूक तुम्हीही करताय का?" असं विचारतो. बघणारे चाळीस हजार. म्हणजे चूक करणारे किती असतील याचा अंदाज बांधा.

आमचे सासरे याच्या अगदी उलट. चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. पेन्सिलीला टोक नसेल तर जेवण गोड लागणार नाही असा. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या जिन्याच्या भिंतीत त्यांना आठ वर्षांपूर्वी केसाएवढी भेग दिसली. दुसरा कोणी असता तर त्यानं रंगाऱ्याला बोलावलं असतं. यांनी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीच्या खुणा केल्या, तारीख घातली, आणि दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहा वाजता, खिडकीतून उजेड तिरका येतो तेव्हा, शेजारी पोलादी पट्टी धरून फोटो काढायला सुरुवात केली. चार फोटो. पूर्ण भेग, मधला भाग, वरचं टोक, खालचं टोक. कॅमेरा खिशात मावणारा, कोपरे चेपलेला. एका वर्षाला एक कार्ड. वर्ष संपलं की कार्ड बाहेर, कागदाच्या पाकिटात, वर सुरेख अक्षरात वर्ष. शेजारीपाजारी जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, भेगेची तब्येत कशी आहे?"

"वाढतेय," सासरे म्हणायचे. लोक हसायचे.

दीड वर्षापूर्वी शेजारच्या जागेवर खोदाई सुरू झाली. दोन मजली तळघर, गाड्या ठेवायला. पंप दिवसभर जमिनीतलं पाणी उपसत होते. भेग धावायला लागली ती तेव्हापासून.

खोदाईला वर्ष उलटून गेल्यावर साडूच्या डोक्यात आलं की बाबांच्या फोटोंचं 'आर्काइव्ह' करायचं. सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमलो होतो. साडूनं टेबलावर एक काळी पेटी आणून ठेवली. आत दोन डिस्क.

"बाबा, हे बघा. एका डिस्कवर जे जातं तेच आपोआप दुसरीवर. एक मेली तरी दुसरी जिवंत. तुमचं काम कायमचं सुरक्षित. ती कार्डं कशाला सांभाळत बसलाय? असं कोणी करतं का आजकाल?"

सासऱ्यांनी पाकिटं त्याच्या हातात दिली. चालू वर्षाचं कार्ड मात्र कॅमेऱ्यातून काढू दिलं नाही. "त्यात अजून काम चालू आहे," म्हणाले.

त्या पेटीत काय खोट आहे ते मला तिथंच माहीत होतं. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत. तो आरसा आहे. तुम्ही एकीवरून काही पुसलं की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं. डिस्क बिघडली तर पेटी उपयोगाची, माणूस बिघडला तर नाही. आणि इथं बिघडलेला माणूस समोर बसून पापड मोडल्यासारखे शब्द मोडत होता. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. बोललो नाही. मनात म्हटलं, पडू दे तोंडावर एकदा. वाटीतला रस्सा संपवला आणि हात धुवायला उठलो.

तीन महिन्यांनी इमारत खात्यात सुनावणी लागली. रहिवाशांचं म्हणणं, खोदाईमुळं इमारतीला धोका आहे. बांधकामवाल्याचं म्हणणं, भेग जुनीच आहे आणि आहे तेवढीच आहे. निकाल सासऱ्यांच्या फोटोंवर लागणार होता. आठ वर्षं हसणारे शेजारी त्या दिवशी सासऱ्यांना खुर्ची पुसून देत होते.

खोली साधीच. लांब टेबल, भिंतीला फाइलींची कपाटं, खिडकीत वाळलेलं एक कुंडीतलं झाड. टेबलामागं अभियंता बाई, चष्मा डोक्यावर सारलेला. साडूनं मोठ्ठे चकचकीत प्रिंट काढून आणले होते, एकेक टेबलाच्या निम्म्या रुंदीचा. त्यानं ते पत्ते पसरावेत तसे मांडले.

बांधकामवाल्याचा सल्लागार वाकला. एका प्रिंटवरून त्यानं बोट फिरवलं. मग दुसऱ्यावरून.

"भेग कुठंय?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच दिसत नव्हती.

सासरे उठले, जवळ गेले. भिंत होती. पट्टी होती. पट्टीवरचे आकडे सुद्धा झळझळीत. पण भेग म्हणावी तिथं एक पुसट छटा, गालावरून पावडरचा हात फिरवावा तशी. वरचं टोक तर गायबच.

"मी फोटो सुधारले," साडू म्हणाला. "मूळ फार खराब होते. दाणे होते, सावल्या होत्या. नव्या सॉफ्टवेअरनं सगळे स्वच्छ केले, सरळ केले."

"सरळ केले?" सासऱ्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"भिंत जरा कललेली दिसत होती, बाबा."

"भिंत कललेलीच आहे."

खोलीत कोणीतरी खोकलं. अभियंता बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "मूळ फाइली कुठं आहेत?"

"मूळपेक्षा या जास्त चांगल्या आहेत, मॅडम."

"मी चांगल्या नाही विचारल्या. मूळ विचारल्या. यांच्यावर तारीख यावर्षीची पडलीये, सगळ्यांवर एकच."

तेव्हा बाहेर आलं. सुधारलेल्या फाइली तयार झाल्यावर जागा अडते म्हणून साडूसाहेबांनी मूळ पुसल्या होत्या. आरशानं आपलं काम चोख केलं होतं: दोन्ही डिस्कवरून पुसल्या. त्या मोकळ्या जागेवर मग त्यानं आपले व्हिडिओ भरले, म्हणजे तिथून परत मिळण्याची वाटही बुजली. आणि कार्डं? ती त्यानं 'साफ करून' सासऱ्यांना परत केली होती. परत वापरता यावीत म्हणून. उपकार!

बाईंनी आठ दिवसांची मुदत दिली. त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं.

घरी येताना बायको बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, "त्या दिवशी त्यानं पेटी आणली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"काय?"

"असं होणार ते."

"एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"पण काहीतरी होईल हे ठाऊक होतं. मी बघत होते तुमच्याकडं. तुम्ही मिशीत हसत होतात." ती आवाज न चढवता बोलत होती. "तो मूर्ख आहे, मान्य. त्याला कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं. त्या जिन्यातून माझे वडील रोज चढतात-उतरतात."

 

बसमधून उतरलो ते दुकानाकडं न जाता परत सासऱ्यांकडंच गेलो. विचारलं, "ती कार्डं परत आल्यावर तुम्ही वापरलीत?"

"छे," ते म्हणाले. "एकदा पुसलेल्या कागदावर मी नकाशा काढत नाही." त्यांनी कपाटातून पाकिटं काढली. सहाच होती. तिसऱ्या आणि सहाव्या वर्षाचं कार्ड नव्हतं. "ती दोन चांगली आहेत म्हणून त्यानं स्वतःला ठेवून घेतली."

मी साडूला फोन लावला. त्या दोन कार्डांवर त्यानं नव्या ट्रायपॉडचं परीक्षण चित्रित केलं होतं. ट्रायपॉडचं! तीन पाय असलेल्या काठीबद्दल माणूस चाळीस मिनिटं बोलतो आणि त्यासाठी भेगेची दोन वर्षं खातो.

उरलेल्या सहांबद्दल मला आशा होती. असं कार्ड साफ केलं की बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं आतच असतात. वर नवं काही लिहिलं नसेल तर ती परत वाचता येतात. मी दुकानाचं दार लावून घेतलं, प्रत्येक कार्ड आधी जसंच्या तसं एका डिस्कवर उतरवलं आणि त्या उतरवलेल्या प्रतीवरच शोध चालवला. मूळ कार्डाला पुन्हा हात लावायचा नाही, हा नियम. दुपारी पहिला फोटो आला. नाव हरवलेलं, नुसता आकडा, पण फाइलीच्या पोटात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा क्रमांक, सगळं शाबूत. फोटो दाणेदार होता, कोपऱ्यात सासऱ्यांच्या अंगठ्याची सावली होती, आणि मधोमध भेग. काळी, बारीक, स्पष्ट. बत्तीस वर्षांत माझ्या टेबलावर इतका देखणा फोटो आला नव्हता.

एक कार्ड मेलेलंच निघालं. दुसऱ्या वर्षाचं. स्वस्त कार्ड, वर्षानुवर्षं पडून, साडूच्या आधी कोणी कधी उघडून बघितलं नाही; त्यालाही ते वाचता आलं नव्हतं, पण त्यानं ते सांगितलं नव्हतं. हा दोष मात्र सासऱ्यांच्या पदरात. तेही मी त्यांना सांगितलं. या वेळी गप्प बसलो नाही.

"म्हणजे नुसतं जपून ठेवलं म्हणून जपलं जात नाही," ते म्हणाले.

"अधूनमधून उघडून बघावं लागतं."

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच कोणी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या सुनावणीला मी छोटे प्रिंट नेले, तळहाताएवढे, आणि सोबत कार्डं, कॅमेऱ्यातलं चालू वर्षाचंही. सासऱ्यांनी ते तारखेप्रमाणं मांडले आणि पेन्सिलीनं बोलले. खोदाईआधी सहा वर्षं आणि काही महिने: भेग एक मिलिमीटरच्या आतच. खोदाई सुरू झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात दोन. आता सात, आणि वरचं टोक तुळईपर्यंत पोचलेलं. मधली तीन वर्षं नाहीत, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. सल्लागारानं त्यावर बोट ठेवायचा प्रयत्न केला. अभियंता बाई म्हणाल्या, "खोदाईच्या आधीचे महिने आहेत, नंतरचे आहेत. मला एवढं पुरतं." साडू मागच्या बाकावर बसला होता. काळा शर्ट घातला नव्हता.

पंप त्याच आठवड्यात बंद झाले. इमारत रिकामी करण्याचा हुकूम निघाला. सासरे आमच्याकडं राहायला आले. सतराव्या दिवशी, भर दुपारी, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला जिन्याचा टप्पा खाली आला. जिन्यात कोणी नव्हतं. एरवी त्या वेळेला वरच्या मजल्यावरची मुलं शाळेतून येतात. बातमी कळली तेव्हा सासरे वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात साडू दुकानात आला. हातात ती पेटी. "चार डिस्कची घेऊ का आता?" त्यानं विचारलं.

मला त्याला हाकलून द्यायची इतकी इच्छा झाली की मी स्क्रू काढत होतो तो टेबलाखाली पडला. पण सांगितलं. पेटी राहू दे. मूळ फाइलीला कधी हात लावायचा नाही, सुधारायचं ते प्रतीवर. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या घरात. आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक प्रत उघडून बघायची. त्यानं हे सगळं फोनवर टिपून घेतलं, वर "थोडं बेसिकच आहे" असंही म्हणाला.

चार दिवसांनी त्याचा व्हिडिओ आला. 'माझ्या घरात घडलेली दुर्घटना आणि मी शिकलेले नियम'. कार्डं कोणी पुसली ते त्यात नव्हतं. बायकोनं तो सासऱ्यांसमोरच लावला.

"तिसरी प्रत," साडू त्यात बोट उगारून सांगत होता, "नेहमी दुसऱ्या खोलीत ठेवा."

"खोलीत?" सासरे म्हणाले. "अख्खी इमारत पडली तर?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी फोन उचलला आणि साडूला सांगितलं, घर म्हटलं होतं, खोली नव्हे.

"लोकांना तेवढं कळतं हो," तो म्हणाला.

"नाही कळत. तुम्हाला कुठं कळलं होतं? दुरुस्त करा."

तासाभरानं व्हिडिओखाली बारीक अक्षरांत एक ओळ आली. चाळीस हजारांतल्या चाळिसांनीही ती वाचली नसेल. पण आली.