घंटेचा घसा बसला

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, शाळा सुटताना वाजते ती मी नव्हे. माझा आवाज ऐकून कुणी आनंदाने उड्या मारल्याचं मला आठवत नाही.

ओतारीकाकांनी मला साच्यात ओतलं, कानशीने घासलं, लाकडी मूठ बसवली आणि पोटात लोलक टांगला. "खणखणीत निघाली हो पोरगी," असं ते म्हणाले होते. ते कौतुक मी अजून जपून ठेवलं आहे.

पुढे मी एका संशोधन संस्थेत आले. मेंदूचं रक्षण कसं करावं, यावर तिथे दरवर्षी छोटीशी परिषद भरे. देशोदेशीचे शास्त्रज्ञ एका लांबट खोलीत दाटीवाटीने बसत. माणसं फार मोठी, पण एकदा बोलायला लागली की आवरत नसत. मेंदू वाचवण्याच्या गोष्टी सांगता सांगता ऐकणाऱ्यांच्या मेंदूचा भुगा करत. "आता शेवटचा मुद्दा," असं म्हणून आणखी तीन काढत. मग अध्यक्ष मला वाजवत. भाषणं कापतात म्हणून सगळे त्यांना 'कात्री' म्हणत. कात्रींनी कधी कुणाची भीड ठेवली नाही, स्वतःच्या गुरूंचीसुद्धा.

त्या खोलीत सर्वांत सुंदर बोलत त्या ताई. रक्तपुरवठा तुटला की मेंदू कसा झपाट्याने मरू लागतो आणि त्याला कसं वाचवता येईल, हे शोधण्यात त्यांनी आयुष्य घातलं होतं. दैव बघा, पक्षाघाताचा झटका त्यांनाच आला. जीव वाचला, हातही सावरला, पण शब्द ऐनवेळी दडी मारू लागले.

वर्षभराने त्या पुन्हा परिषदेला आल्या. माझ्या टेबलाजवळ उभ्या राहून लेकीला म्हणाल्या, "आज जमलं नाही, तर मी परत इथे यायची नाही."

"आई, मी वाचून दाखवू का?"

"नको गं. माझं मीच बोलते."

आणि त्या बोलल्या. सावकाश, पण छान. शेवटच्या वाक्याशी मात्र अडल्या. "मेंदू वाचवायचा, तर सगळ्यात आधी हवा असतो... हवा असतो..." पुढचं काही येईना. तो शब्द सगळ्यांना पाठ होता, कारण ताईंचं प्रत्येक भाषण त्यावरच संपे. तरी एकानेही तो पुरवला नाही. लेक न राहवून उठली, तेव्हा कात्री हलकेच म्हणाले, "बस बाळा. तिचा शब्द तिलाच सापडू दे."

एवढ्यात घड्याळाचा काटा ठरल्या जागी आला. कात्रींनी सवयीने मला उचललं. पण त्यांनी बोटं आत घालून माझा लोलक घट्ट धरला. काटा पुढे सरकत राहिला.

"वेळ," ताई म्हणाल्या. "हवा असतो वेळ." मग घड्याळाकडे बघून हसल्या. "कात्री, घंटा हरवली का रे?"

"नाही ताई, आज तिचा घसा बसलाय."

सगळी खोली हसली आणि हसता हसता डोळेही पुसू लागली. अशा माणसांच्या सहवासात आयुष्य गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता भाषण लांबलं की लाल दिवा लागतो. मी कपाटात, गुंतलेल्या वायरींच्या शेजारी असते. अंग काळवंडलं आहे. कुणी पुसून ठेवलं तर बरं वाटेल, पण हट्ट नाही. एवढंच सांगते, मित्रांनो, तुमचे आजी-आजोबा एखाद्या शब्दाशी अडले, तर तो त्यांच्या तोंडात कोंबू नका. थोडं थांबा. माझा तर जन्मच लोकांना थांबवण्यासाठी झाला होता, तरी त्या दिवशी मी थांबले.