झोप्यांची विहीर

वटाण्याची तोडणी चालली होती आणि धुकं असं दाटलं होतं की शेजारच्या ओळीतली बाई आवाजावरूनच ओळखावी. दवानं सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले. पोती वेळेत पनागरच्या मंडीत पोचली नाहीत तर माल कोणी विचारत नाही, म्हणून मान वर करायला फुरसत नव्हती. तेवढ्यात चांदमारीच्या बाजूनं भानुमतीकाकूचा आवाज आला.

"कोणं ठोकली हे खुटी? तू काढतं का मी काढू?"

आम्ही बांधाकडं धावलो. टोपी घातलेला एक मोजणीवाला पोरगा हातात कागद धरून उभा होता.

"अम्मा, सरकारी काम है. हात मत लगाओ."

काकूनं तोवर खुंटी उपटून तुरीत फेकलीही होती. "कायचं काम? इथं का होऊन राहिलं?"

"बच्चों का पार्क बनेगा, अम्मा. झूले लगेंगे."

हे ऐकून आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. खुंटी ठोकली होती ती जुन्या विहिरीपासून जेमतेम दहा पावलांवर.

आता ही विहीर काय ते सांगतो. आमचा निमटोला म्हणजे पंधरा-वीस मराठी घरं. आज्या-पणज्यांच्या काळात विदर्भातून इकडं हिंदी मुलखात आलेली. कोणी कारखान्यात लागला, कोणी रेल्वेत, उरलेल्यांनी भाजीपाला धरला. शेतांना लागून फौजेची चांदमारी. नुसता मुरमाड माळ, गोळे डागायचा सराव करायला. फौज उठून गेली त्याला पंधरा वर्षं झाली. आता तिथं मोठी वसाहत उभी राहणार होती.

फौज होती तेव्हा आम्ही तारेखालून आत जायचो आणि फुटलेल्या गोळ्यांचं पितळ-तांबं वेचायचो. खोटं कशाला बोलू, माझ्या घरावरचे पत्रे त्याच पितळेच्या पैशाचे. घमापूरचा एक भंगारवाला काही न विचारता घ्यायचा. पण काही गोळे पडायचे ते फुटायचेच नाहीत. त्यांना टोल्यात झोप्या म्हणतात. कधी ते आत सापडत, कधी उडून आमच्या वावरात येऊन पडत आणि वखराला लागत. झोप्या दिसला की सगळे दूर पळायचे आणि बाबारावला बोलवायचे. बाबाराव म्हणजे भानुमतीकाकूचा नवरा. तो ओलं पोतं घेऊन जायचा, तान्ह्या लेकरासारखा त्याला उचलायचा आणि अनवाणी चालत जाऊन त्या विहिरीत दोरानं सोडायचा. पाण्यात गेला की झोप्या विझतो, अशी आमची समजूत होती. ती कोणी शिकवली देव जाणे. फौजेला सांगावं तर त्यांचा पहिला सवाल हाच असता की तुम्ही तारेच्या आत काय करत होता.

बाबाराव पुढं काविळीनं गेला. विहिरीचं पाणीही आटलं. आता वरून फक्त झुडपं दिसतात आणि टोल्यातली बकरी चुकून तिकडं गेली तर तिला बोलवायलासुद्धा कोणी जात नाही.

त्यात आणखी एक गोष्ट झाली होती. काकूचा मुलगा शालिग्राम त्याच वसाहतीच्या ठेकेदाराकडं जेसीबीवर लागला होता. म्हणजे विहीर उकरणार तो काकूचाच पोरगा.

तिसऱ्या प्रहरी मारुतीच्या पारावर सगळे जमले. भाऊराव आमच्यात थोरले. त्यांची नात अवंती शहरात वकिली शिकते. ती तीन महिन्यांपासून अर्ज करत होती, की खोदण्याआधी जाणकार माणसं आणून चांदमारीची जमीन तपासा. मराठी तिला समजते सगळी, बोलताना मात्र हिंदीवर घसरते.

"तीनों अर्ज परत आले," ती म्हणाली. "ते म्हणतात, सुनी-सुनाई बात है. किती आहेत, कुठं आहेत, कोणी ठेवले, हे कोणीतरी आपल्या नावानं बोललं पाहिजे. सोमवारी जनसुनवाई आहे."

"म्हणजे आपणच जाऊन सांगायचं, साहेब आम्ही चोर?" भाऊराव म्हणाले. "काही गरज नाही पोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोलिस आले तर पहिले पत्रे मोजतीन आपले."

पत्र्यांचं नाव निघताच मी खाली पाहू लागलो. माझ्या वावरातले तीन झोप्या त्या विहिरीत होते.

"अन् या शाल्याले पहा," भाऊरावांचा आवाज चढला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. त्याईच्याच मशीनवर जाऊन बसला."

शालिग्राम तिथंच होता. तो शांतपणे म्हणाला, "मग का करू काका? वटाण्यात किती पिढ्या काढायच्या? महिन्याच्या महिन्याले पगार येऊन राहिला, पहिल्यांदा. आन् पंधरा वर्षं झाली त्याले. सडून गेलं असंन सारं."

"लोखंड सडते," काकू म्हणाली. "आतलं सडते का नाही, तुले कोणं सांगितलं?"

"तुले तरी कोणं सांगितलं, माय?"

  सोमवारी कोण बोलणार हे न ठरवताच आम्ही उठलो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरंच वाटलं.

जनसुनवाई शाळेच्या अंगणात होती. मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. सुनावणी घेणारा साहेब भला दिसत होता, त्याचा लिहून घेणारा बाबूही. वसाहतीचं मोठं रंगीत चित्र टांगलं होतं आणि त्यात विहिरीच्या जागी हिरवळीवर लेकरं घसरगुंडी खेळत होती. कोणी गायरान मागितलं, कोणी गुरांची वाट. साहेब प्रत्येकाला 'नोट कर लिया' म्हणत होता. विहिरीचं नाव कोणी घेईना. भाऊराव माझ्या शेजारी बसून जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते.

मग भानुमतीकाकू उठली. तिच्या हातात जनावर बांधायचा जुना दोर होता.

"माझं नाव भानुमती बाबाराव. मले हिंदी येते, पण हे मी माझ्याच बोलीत सांगतो. पोरी, तू साहेबाले समजव." ती अवंतीकडं वळली. "माझा माणूस झोप्या उचलाले गेला की मी दाराशी बसून या दोरात गाठ मारो. तो परत आला की देवापुढं साखर ठेवो. सोडली एकही गाठ नाही. या एकसष्ट आहेत. एकसष्टच्या एकसष्ट त्या विहिरीत आहेत, जिथं तुम्ही झुला टांगून राहिले."

अवंतीनं हिंदीत सांगितलं. 

"तारेच्या आत आम्ही गेलो," काकू पुढं म्हणाली. "पितळही विकलं. त्याची सजा द्याची तर मले द्या. पण पहिले ते जमीन पहा. माझा पोरगा आहे मशीनवर."

 साहेबानं स्वतः उठून दोर हातात घेतला, गाठींवरून बोट फिरवलं. "अम्माजी, आपने बहुत अच्छा किया. सब लिखा जाएगा." बाबू भराभरा लिहीत होता. घरी जाताना भाऊराव काकूच्या मागं मागं चालत होते. मला वाटलं, जिंकलो आपण. मी त्या दिवशी पोटभर जेवलो, त्याची आता लाज वाटते.

पंधरा दिवसांनी पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. अवंतीनं तो मोठ्यानं वाचला, मग थांबली, मग पुन्हा वाचला. त्यात असं होतं की, स्थानिक ग्रामस्थांनी भर सुनावणीत कबूल केल्याप्रमाणे मैदानातील न फुटलेले गोळे त्यांनी आधीच उचललेले आहेत. सबब मैदान मोकळे असून वेगळ्या तपासणीची आवश्यकता नाही. जुनी विहीर मशीनने कायमची बुजवण्यात यावी. काम सोमवारपासून.

"म्हणजे आपल्याच तोंडून काढलं," भाऊराव म्हणाले आणि पारावर जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी ठेकेदाराच्या मुकादमानं शालिग्रामला सांगितलं, "वो कुआँ तू ही भरेगा. जगह तेरे को मालूम है." पोरगा घरी आला तो भाकर न खाता अंगणात उकिडवा बसला. काकूनं ताट उचलून आत नेलं. हे मी कुंपणाजवळून पाहत होतो. 

सोमवारी धुकं नव्हतं. उन्हात माळ लख्ख दिसत होता. शालिग्राम जेसीबी घेऊन विहिरीकडं निघाला आणि आम्ही बांधावरून पाहत राहिलो. विहिरीचा दगडी कठडा पाडून आत लोटायचा, वर मुरूम टाकायचा, असं काम होतं. एकसष्ट झोप्यांवर दगड.

तो वीस पावलांवर पोचला आणि थांबला. कठड्यावर भानुमतीकाकू बसली होती. वटाण्याचं टोपलं घेऊन निवांत शेंगा सोलत होती.

"माय, उठ तिथून. माय, ऐक माझं."

"तू उतर पहिले."

मुकादम ओरडत आला. शालिग्राम एकदा त्याच्याकडं पाहत होता, एकदा आईकडं. मग त्यानं मशीन बंद केलं, चावी मुकादमाच्या हातात ठेवली आणि आईच्या शेजारी जाऊन बसला. नोकरी तिथंच गेली. मुकादमानं फोन लावून पनागरहून दुसरा ड्रायव्हर आणि दुसरं मशीन मागवलं. फोनवर तो आम्हाला ऐकू जाईल असंच बोलत होता.

अवंती पुढं गेली. मग दोन बायका. मी कधी निघालो ते मलाच कळलं नाही. पण पंधरा वर्षांत जिथं पाय टाकला नाही तिथं मी चालत गेलो. पायाखालचा मुरूम करकर वाजत होता. कठड्याला टेकून बसलो तेव्हा खालून गंजलेल्या लोखंडाचा वास आला.

सगळ्यांत शेवटी काठी टेकत भाऊराव आले. ते उभेच राहिले. विहिरीत डोकावले आणि पटकन मागं सरले.

"भानुमती," ते म्हणाले, "हे का बसाची जागा आहे, वं?"

"नाही न," काकू शेंग सोलत म्हणाली. "म्हणून तं बसली."

भाऊरावांनी काठी आडवी ठेवली आणि गुडघे धरत हळूहळू खाली बसले. चांदमारीच्या मोठ्या फाटकातून दुसरं मशीन आत येत होतं. ते चालवणारा पोरगा आमच्याकडं पाहत होता. आम्ही तिथं का बसलोय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.