सरकती गाठ

दीर होडीत उभा राहून शिडाची कड डोलकाठीच्या कड्यांत ओवत होता आणि ती धक्क्यावर बसून एकेक कडी मोजत होती.

“वहिनी, एवढं काय निरखताय?”

“काम,” ती म्हणाली आणि शिडाची पुढची घडी उलगडून दिली.

दोन माणसांची लहानशी होडी. सात महिन्यांनी आज पहिल्यांदाच तिच्यावर शीड चढत होतं. त्याने वरचा कोपरा दोराला अडकवला, दोर टोकावरच्या कप्पीतून खेचला. कापड फडफडत वर गेलं. कुठे सुरकुती नाही, ढील नाही. तेच तिला खुपत होतं. इतका हात बसलेला माणूस जवळ असताना त्या दिवशी दोर तुटलाच कसा? हा आणि तिचा नवरा, दोघे होडी घेऊन गेले, हा एकटा परतला. ‘दोर तुटला, दादा पाण्यात पडला,’ एवढंच सांगितलं. पुढे काही विचारलं की उठून जायचा. होडी दोघांच्या सामाईक मालकीची होती. आता ती बाहेर काढायची घाई त्यालाच.

फाटलेलं शीड तिनेच शिवलं होतं. शिवणकामावर तर तिचं घर चालायचं. ठिगळ लावताना खालच्या कोपऱ्याला जुन्या दोराचा हातभर तुकडा बांधलेला सापडला. तुटलेल्या दोराला झिपऱ्या येतात. ह्याचं टोक सरळ होतं, कापडावर कात्री चालवावी तसं. तेव्हापासून दिराला वाढताना तिचा हात आखडायचा.

आता खालच्या कोपऱ्याचाच दोर उरला होता. वारा अंगावर आला की सैल सोडायचा तो. त्याने दोराचं दुसरं टोक होडीच्या कडीला बांधलं. सोडलं. पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं.

तिने पिशवीतून तुकडा काढून त्याच्यासमोर धरला.

“भाऊजी, हा तुटलेला नाही.”

त्याने तुकडा हातात घेतला आणि फळीवर बसला.

“दादाने कापला.”

“ते कशाला कापतील?”

“दादा म्हणाला होता, सरकती गाठ मार, एका हिसक्यात सुटली पाहिजे. मी पक्की मारली. म्हटलं, काही होत नाही. वारा फिरला, होडी कलंडायला लागली आणि माझी गाठ सुटेना. दादाने सुरी काढली. दोर कापला तशी होडी सावरली. पण शिडाखालची काठी फिरली, त्याच्या डोक्यात...”

त्याने तुकडा फळीवर ठेवला आणि म्हणाला, “दोर तुटला म्हटलं की गाठ कुणी मारली ते कोणी विचारत नाही.”

सात महिने तिने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आता कामाचं नव्हतं.

“आईंना तुम्ही सांगायचं,” ती म्हणाली. “मी नाही सांगणार.”

त्याने मान हलवली. उठून शीड उतरवायला दोर हातात घेतला.

“राहू द्या वर. आधी ती सरकती मारा. मग मला शिकवा.”

तो फळीवर एका कडेला सरकला. तिने चपला धक्क्यावर काढल्या आणि होडीत पाय ठेवला.